राइट की स्लाफकोव्स्की: २०२२ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाची तपासणी

७ जुलै २०२२ च्या संध्याकाळी माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, ड्राफ्ट, अर्थात तरुण खेळाडूंची वार्षिक निवड, सुरू झाला. पहिली निवड यजमान माँट्रियल कनेडियन्सची होती. ड्राफ्ट भरवणाऱ्या संघाकडेच पहिली निवड असण्याचा योग १९८५ नंतर प्रथमच आला होता. तेव्हा टोरंटोने वेंडेल क्लार्कला घेतलं होतं. कनेडियन्स २०२१ च्या जुलैत स्टॅनले कपची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, अंतिम लढत खेळले आणि पुढच्याच हंगामात अवघे ५५ गुण घेऊन ३२ संघांत शेवटचे आले. पहिली निवड कुणाची हे ठरवणारी मे महिन्यातली लॉटरी त्यांनी जिंकली. शहर आईस हॉकीचं, सभागृह घरचं आणि खुर्च्या भरलेल्या.

गेली दोन-तीन वर्षं या ड्राफ्टचा पहिला खेळाडू म्हणून एकच नाव घेतलं जात होतं: कॅनडातल्या किंग्स्टन संघाचा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, शेन राइट. कनेडियन्सने घेतला तो स्लोव्हाकियाचा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, युराय स्लाफकोव्स्की. दुसऱ्या क्रमांकावर न्यू जर्सीने त्याचाच देशबांधव, बचावपटू शिमोन नेमेत्स निवडला. तिसऱ्यावर अ‍ॅरिझोनाने अमेरिकेचा सेंटर लोगन कूली घेतला. राइटचं नाव पुकारलं गेलं ते चौथ्या क्रमांकाला, सिअ‍ॅटलकडून.

पहिल्यावरून चौथ्यावर. कागदावर हा बदल तीन ओळींचा आहे, पण त्या रात्री आणि नंतर कित्येक महिने त्याची चर्चा एखाद्या अपघातासारखी झाली. होतकरू खेळाडूंच्या याद्या आवडीने वाचणाऱ्या आणि स्वतःच्याही याद्या करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट उलगडून पाहावं असं मला मनापासून वाटतं. क्रमांक सगळ्यांना दिसतो. तो देणाऱ्याला त्याबद्दल किती खात्री होती, हे मात्र यादीत कुठेच छापलेलं नसतं. २०२२ मध्ये नेमकी तीच गोष्ट नजरेआड झाली.

याद्या काय मोजत होत्या

ड्राफ्टची पद्धत थोडक्यात सांगतो. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षं पूर्ण करणारी मुलं पात्र ठरतात. संघ सात फेऱ्यांत निवड करतात आणि तळाच्या संघांना आधी संधी मिळते. निवडणाऱ्या संघाकडे त्या मुलाशी करार करण्याचा हक्क येतो. निवडलेला मुलगा लगेच एनएचएलमध्ये उतरेल असं नाही. बहुतेक जण दोन-चार वर्षं खालच्या लीगमध्ये किंवा कॉलेजात तयार होतात. त्यामुळे यादी करणाऱ्याला अठराव्या वर्षीचा मुलगा बघून तेविसाव्या वर्षीचा माणूस ओळखायचा असतो.

हे काम करणाऱ्या याद्या साधारण तीन जातींच्या असतात. एक एनएचएलच्याच सेंट्रल स्काउटिंग विभागाची. ती उत्तर अमेरिकेत खेळणाऱ्यांची वेगळी आणि बाहेर खेळणाऱ्यांची वेगळी असते. २०२२ च्या अंतिम यादीत उत्तर अमेरिकी खेळाडूंत राइट पहिला होता आणि आंतरराष्ट्रीय खेळाडूंत स्लाफकोव्स्की पहिला. म्हणजे लीगच्या अधिकृत स्काऊटांनी या दोघांना एकमेकांसमोर उभं केलंच नव्हतं. ही साधी गोष्ट त्या रात्री फार थोड्यांनी बोलून दाखवली.

दुसरी जात सर्वेक्षणाची. टीएसएन वाहिनीचे बॉब मॅकेन्झी संघांच्या स्काऊटांना विचारून त्यांच्या मतांचा मेळ घालतात. त्यांच्या यादीत एका माणसाची आवडनिवड नसते, म्हणूनच तिला वजन आहे. त्यांच्या अंतिम यादीतही राइटच पहिला होता. पण अशा यादीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. दहा जणांपैकी सहा जणांनी एकाला पहिला म्हटलं काय आणि दहाच्या दहा जणांनी म्हटलं काय, छापून येतो तो आकडा एकच. जिथे सहा-चार अशी फूट असते, तिथे प्रत्यक्ष निवड करणारा संघ त्या चौघांपैकी एक असू शकतो, आणि निवड करायला एकच संघ पुरतो.

तिसरी जात आकडेवारीच्या प्रारूपांची. वेगवेगळ्या लीगमधले गुण एका मापात आणायचे, वय लक्षात घ्यायचं आणि मग तुलना करायची. (हॉकीत खेळाडूच्या खात्यावर गोलचा एक गुण जमा होतो आणि असिस्टचा, म्हणजे गोलला हातभार लावणाऱ्या पासचाही, एकच.) ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. कल्याणच्या मैदानावर २०१६ मध्ये एका शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. त्या धावा आणि रणजी सामन्यात वानखेडेवर काढलेल्या साठ धावा एका तराजूत कशा घालायच्या, हा प्रश्न मुंबईच्या क्रिकेटला कायमचा पडलेला आहे. हॉकीत तो दर वर्षी पडतो, कारण एक मुलगा समवयस्कांविरुद्ध ओंटारियोत खेळत असतो आणि दुसरा फिनलंडमध्ये तीस-बत्तीस वर्षांच्या बापयांना अंगावर घेत असतो.

२०२२ मध्ये नेमकं हेच झालं. राइटने ओंटारियो हॉकी लीगमध्ये ६३ सामन्यांत ३२ गोल आणि ६२ असिस्ट, म्हणजे ९४ गुण मिळवले होते. सामन्यामागे जवळजवळ दीड. स्लाफकोव्स्कीने फिनलंडच्या सर्वोच्च लीगमध्ये तुर्कूच्या टीपीएस संघाकडून ३१ सामन्यांत ५ गोल आणि ५ असिस्ट केले होते. तीन सामन्यांत मिळून एक गुण. कुठलंही गुणक लावा, निव्वळ आकड्यांवर चालणाऱ्या प्रारूपाला स्लाफकोव्स्की पहिला दिसणं शक्यच नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या संघात बर्फावर वेळ कमी मिळतो, पॉवर प्लेला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, त्याला उतरवतीलच असं नाही, आणि गुण तिथे सहज निघतात. प्रारूपाला हे अंशतः कळतं, पुरतं कळत नाही.

राइटचा पहिला क्रमांक कधी तयार झाला

या प्रकरणाचं खरं मूळ २०२२ च्या बरंच आधी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

शेन राइटचा जन्म ५ जानेवारी २००४ चा, ओंटारियोतल्या बर्लिंग्टनचा. कॅनडाच्या मेजर ज्युनियर हॉकीत (ओंटारियो लीग तिचाच भाग) मुलं साधारण सोळाव्या वर्षी येतात. पंधराव्या वर्षी प्रवेश हवा असेल तर ‘अपवादात्मक खेळाडू’ असा दर्जा मिळवावा लागतो. त्याआधी तो मिळवणाऱ्यांत जॉन टवारेस, एरन एकब्लॅड आणि कॉनर मॅकडेव्हिड ही नावं होती. तिघंही पुढे ड्राफ्टमध्ये पहिले आले. शॉन डे आणि जो व्हेलेनो यांनाही तो दर्जा मिळाला होता, पण त्यांची निवड बरीच खाली झाली. व्हेलेनो पहिल्या फेरीच्या शेवटाकडे गेला, डे त्याहूनही खाली. राइटबद्दल बोलताना लोकांना पहिली तीन नावं आठवत, पुढची दोन आठवत नसत.

२०१९ मध्ये ओंटारियो लीगच्या स्वतःच्या निवडीत किंग्स्टनने राइटला पहिला घेतला. पहिल्या हंगामात त्याने ५८ सामन्यांत ३९ गोल केले आणि एकूण ६६ गुण. मॅकडेव्हिडचे पंधराव्या वर्षीचे गुणही ६६ च होते, ६३ सामन्यांत. ही बरोबरी कुणाच्या नजरेतून सुटणार? त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याला ओंटारियो लीगमध्येही मिळाला आणि संपूर्ण कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतही. ‘२०२२ चा पहिला खेळाडू’ ही पाटी तेव्हाच लागली. मुलगा अजून सोळा वर्षांचा होता.

आणि मग २०२०-२१ चा ओंटारियो लीगचा हंगाम महामारीमुळे झालाच नाही. एकही सामना नाही. सोळा ते सतरा हे वर्ष हॉकीपटूच्या वाढीचं फार मोलाचं वर्ष असतं. त्या वयात ताकद येते, स्केटिंग बदलतं, खेळ वाचण्याची नजर पक्की होते. त्या वर्षाबद्दल स्काऊटांच्या वहीत राइटच्या नावापुढे काय होतं? टेक्सासमध्ये झालेली अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा, पाच सामने. त्यात तो कॅनडाचा कर्णधार होता, त्याने ९ गोल आणि ५ असिस्ट केले आणि कॅनडाने सुवर्ण जिंकलं. देखणे आकडे आहेत. पण सामने पाचच.

या पाच सामन्यांनी जुनी पाटी पुसली नाही, उलट घट्ट केली. मग २०२१-२२ मध्ये राइट परतला तेव्हा सुरुवात मंद झाली. हंगाम पुढे सरकला तसा तो सावरला, ९४ गुणांपर्यंत पोहोचला, आणि ते गुण चांगलेच आहेत. तरी दोन वर्षांपूर्वी मॅकडेव्हिडच्या पंगतीत बसवलेल्या मुलाकडून जी झेप अपेक्षित असते ती दिसली नव्हती. त्याचा खेळ नेटका, दोन्ही टोकांना जबाबदार, फटका वेगवान. पण प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यातून वाट काढून सामना हातात घेणारा खेळाडू तो रोज दिसत नव्हता. स्काऊट हे बोलत होते. याद्यांमध्ये मात्र नाव वरच राहिलं.

माझं स्पष्ट मत असं की राइटला पहिला ठेवण्यात चूक नव्हती. चूक ही की २०२२ चा पहिला क्रमांक बऱ्याच अंशी २०२० च्या पुराव्यावर उभा होता आणि वाचणाऱ्याला ते कुणी सांगितलं नाही. यादी दर महिन्याला नव्याने छापली जाते म्हणून ती दर महिन्याला नव्याने विचार करून केली जाते, असा आपला समज होतो. वरच्या नावाला हलवायला मोठं कारण लागतं, आणि तिथे ठेवायला काहीच लागत नाही.

बीजिंगमधले सात गोल

स्लाफकोव्स्कीचा जन्म ३० मार्च २००४ चा, कोशित्से शहरातला. उंची सव्वासहा फूट, वजन शंभर किलोच्या आसपास, आणि त्या आकाराच्या मानाने हात फार मऊ. तुर्कूच्या ज्युनियर संघांतून तो मोठ्यांच्या संघात आला. फिनलंडच्या लीगमधले त्याचे साधारण हंगामी आकडे वर दिलेच आहेत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगचं हिवाळी ऑलिंपिक झालं. महामारीमुळे एनएचएलने आपले खेळाडू पाठवले नाहीत, म्हणून देशांनी युरोपातल्या लीगमधून, कॉलेजांतून आणि तरुणांमधून संघ उभे केले. स्लोव्हाकियाने सतरा वर्षांच्या स्लाफकोव्स्कीला नेलं. त्याने ७ सामन्यांत ७ गोल केले. उपांत्यपूर्व फेरीत स्लोव्हाकियाने शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधून अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवलं, उपांत्य फेरीत ते फिनलंडकडून हरले, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्वीडनला ४-० ने नमवलं. त्या चारपैकी दोन गोल स्लाफकोव्स्कीचे. साधारण ५४ लाख लोकवस्तीच्या त्या देशाचं ऑलिंपिक हॉकीतलं हे पहिलं पदक. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली.

सात सामने. टेक्सासचे पाच आणि बीजिंगचे सात यांत मूलतः काही फरक आहे का? आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. टेक्सासमध्ये राइट आपल्या वयाच्या मुलांविरुद्ध, त्या गटातल्या सर्वांत ताकदवान संघाकडून खेळत होता. बीजिंगमध्ये स्लाफकोव्स्की मोठ्या माणसांविरुद्ध, दुय्यम समजल्या गेलेल्या संघाकडून खेळत होता. तरीही एनएचएलचे खेळाडू नव्हते हे विसरून चालणार नाही, आणि सात सामन्यांत सात गोल हा वेग कुठलाच खेळाडू टिकवत नाही. फक्त बीजिंग असतं तर त्याला योगायोग म्हणता आलं असतं.

पण मे महिन्यात फिनलंडमध्ये पुरुषांची जागतिक स्पर्धा झाली. तिथे प्लेऑफमधून, म्हणजे बाद फेऱ्यांमधून, बाहेर पडलेल्या संघांचे एनएचएल खेळाडू होते. स्लाफकोव्स्कीने ८ सामन्यांत ९ गुण मिळवले, त्यांतले ६ असिस्ट. या आठ सामन्यांनी कनेडियन्सच्या मनातलं पारडं झुकवलं असावं असा माझा कयास आहे. गोल नशिबाने लागून जातात. मोठ्या खेळाडूंच्या दाटीत पक, म्हणजे खेळाची चकती, राखून सहकाऱ्याला शोधणं इतक्या वेळा नशिबाने होत नाही.

राइट आणि स्लाफकोव्स्की एकाच स्पर्धेत दिसण्याची एक संधी होती. डिसेंबर २०२१ मध्ये अल्बर्टात वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा सुरू झाली. कोविडमुळे ती काही दिवसांतच थांबवावी लागली आणि पुन्हा ऑगस्टमध्ये झाली, ड्राफ्ट उरकल्यानंतर. ती डिसेंबरात पूर्ण झाली असती तर एकाच तऱ्हेच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध दोघांना पाहता आलं असतं आणि कदाचित हा वादच उरला नसता. २०२२ च्या मुलांबद्दलची माहिती मुळातच फाटकी होती. ज्या वर्षी पुरावा कमी, त्या वर्षी याद्यांनी जास्त संकोच दाखवायला हवा होता.

माँट्रियलने काय तोललं

कनेडियन्सचं व्यवस्थापन नवं होतं. जेफ गॉर्टन नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि जनरल मॅनेजर केंट ह्यूज जानेवारी २०२२ मध्ये आले होते. जुन्या पाटीशी त्यांचं नातं नव्हतं. हॉकीतला रूढ विचार सांगतो की खेळाडू तोडीस तोड असतील तर सेंटर घ्यावा, विंगर नाही. सेंटर बर्फाच्या मधोमध दोन्ही टोकांना खेळतो आणि असे खेळाडू बाजारात सहज मिळत नाहीत. माँट्रियलला निक सुझुकीच्या जोडीला सेंटर हवाच होता. त्यामुळे गरजेच्या हिशेबानेही राइटच येत होता.

त्यांनी गरज आणि निवड वेगळी केली. पहिल्या क्रमांकाला, त्यांच्या मते ज्याची कमाल मर्यादा सर्वांत उंच, तो मुलगा घेतला. आणि त्याच संध्याकाळी बचावपटू अलेक्झांडर रोमानोव्ह न्यूयॉर्क आयलंडर्सला देऊन १३ वी निवड मिळवली, ती शिकागोला पाठवून किर्बी डॉक हा सेंटर आणला. सेंटरची जागा व्यवहाराने भरली. मला हा भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो: अठरा वर्षांच्या मुलाची निवड आजच्या रिकाम्या जागेसाठी करायची नसते, कारण तो तयार होईपर्यंत ती जागा कुठे असेल कोण जाणे.

राइट चौथ्यावर का घसरला, हे वेगळं समजून घ्यावं लागतं. न्यू जर्सीकडे निको हिशिअर आणि जॅक ह्यूज हे दोन सेंटर आधीच होते. त्यांनी बचावपटू घेतला. अ‍ॅरिझोनाला कूलीचं स्केटिंग आणि कल्पकता जास्त भावली. प्रत्येकाचं कारण निराळं. तीन संघांनी नाकारलं म्हणजे तिघांनाही तो कमी वाटला, असा अर्थ निघत नाही. माध्यमांनी मात्र ती घसरण एका मुलाच्या नावावर लावली आणि व्यासपीठावरची त्याची नजर कुठे वळली यावर दिवसेंदिवस चर्चा केली. अठरा वर्षांच्या मुलाशी हे वागणं बरं नव्हतं.

पुढची तीन वर्षं

स्लाफकोव्स्की थेट एनएचएलमध्ये खेळला. ३९ सामन्यांत ४ गोल, १० गुण, आणि जानेवारी २०२३ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने हंगाम संपला. उंचपुऱ्या देहाचा मुलगा बर्फावर वारंवार आडवा होताना दिसे. डोकं खाली घालून पक घेऊन जायची सवय त्याला महागात पडत होती. ‘फसलेली निवड’ हा शिक्का याच काळात फिरू लागला, खेळाडू एकोणीस वर्षांचाही झाला नसताना.

राइटचं वर्ष त्याहून विचित्र गेलं. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंना वीस वर्षांखाली असताना अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या पायरीवर, पूर्ण हंगाम खेळू न देण्याचा करार होता. युरोपातून आलेल्यांना तो लागू नव्हता. म्हणजे राइटसाठी दोनच दारं: एनएचएल किंवा परत ज्युनियर. सिअ‍ॅटलमध्ये तो बऱ्याचदा बाकावर बसला, थोडे दिवस त्या संघाच्या अमेरिकन लीगमधल्या शाखेत, कोचेला व्हॅलीला, गेला, परत आला आणि ६ डिसेंबरला एनएचएलमधला पहिला गोल केला, तोही माँट्रियलविरुद्ध. मग वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत कॅनडाचा कर्णधार म्हणून सुवर्ण, मग किंग्स्टन, तिथून ओंटारियो लीगमधल्याच विंडसरकडे अदलाबदल, आणि शेवटी पुन्हा कोचेला व्हॅली. एका हंगामात एवढ्या जर्सी बदललेल्या मुलाचं मोजमाप कुठल्या आकड्याने करणार?

२०२३-२४ मध्ये चित्र पालटलं. त्या डिसेंबरात स्लाफकोव्स्कीला सुझुकी आणि कोल कॉफील्ड यांच्या ओळीत, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तिघा आक्रमकांत, बसवलं गेलं. हंगामाअखेर ८२ सामन्यांत २० गोल आणि ५० गुण, एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध हॅटट्रिक. १ जुलै २०२४ ला कनेडियन्सने त्याच्याशी आठ वर्षांचा, ६ कोटी ८ लाख डॉलरचा करार केला. राइटला त्या हंगामासाठी खास सवलत मिळाली आणि कोचेला व्हॅलीत ५९ सामन्यांत २२ गोलांसह ४७ गुण मिळवत त्याने हरवलेलं वर्ष भरून काढलं. २०२४-२५ मध्ये तो सिअ‍ॅटलकडून ७९ सामने खेळला, १९ गोल, ४४ गुण. स्लाफकोव्स्कीचे त्याच हंगामात ७९ सामन्यांत १८ गोल, ५१ गुण.

दोघांमध्ये सात गुणांचं अंतर. एवढ्यासाठी तो सगळा गदारोळ.

आणि या दोघांच्या वादात कूली दुर्लक्षित राहिला. मिनेसोटा विद्यापीठात एक वर्ष काढून, ३९ सामन्यांत ६० गुण घेऊन तो आला; २०२३-२४ मध्ये अ‍ॅरिझोनाकडून ४४ गुण, आणि संघ युटाला हलल्यावर २०२४-२५ मध्ये ७५ सामन्यांत २५ गोल, ६५ गुण. त्या हंगामात पहिल्या पाचांत सर्वांत पुढे तोच होता. पाचव्या क्रमांकाच्या कटर गोतिएने फिलाडेल्फियाकडून खेळायला नकार दिला, जानेवारी २०२४ मध्ये तो अ‍ॅनाहाइमला गेला आणि २०२४-२५ मध्ये २० गोल करून मोकळा झाला. नेमेत्स २०२४-२५ मध्येही न्यू जर्सी आणि तिच्या खालच्या संघात ये-जा करत होता.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र दुसऱ्या फेरीत, ६२ व्या क्रमांकाला घडली होती. जेमतेम पावणेसहा फुटांचा बचावपटू लेन हटसन तिथवर घसरला, कारण एवढ्या उंचीचा बचावपटू एनएचएलमध्ये टिकतो यावर स्काऊटांचा विश्वास नव्हता. २०२४-२५ या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने ६६ गुण मिळवले, त्यांत ६० असिस्ट. पदार्पणाच्या हंगामात बचावपटूने केलेल्या असिस्टच्या लॅरी मर्फीच्या विक्रमाशी बरोबरी. सर्वोत्तम नवोदिताची कॉल्डर ट्रॉफी त्यालाच मिळाली. त्याला निवडणारा संघ होता माँट्रियल. ज्या स्काऊटांना पहिल्या निवडीवरून वर्षभर बोल लावले गेले, त्यांनीच हा मुलगा शोधला होता.

मग यादी कशी करावी

२०१७ मध्ये असंच झालं होतं. नोलन पॅट्रिक बराच काळ पहिला धरला गेला, ड्राफ्टमध्ये हिशिअर पहिला गेला, पॅट्रिक दुसरा. आणि आज त्या वर्षाचं पहिलं नाव घ्यायचं तर बहुतेक जण चौथ्या क्रमांकाच्या केल मकारचं घेतील. याउलट २०२३ मध्ये कॉनर बेडार्ड ज्युनियरमध्ये ५७ सामन्यांत १४३ गुण घेऊन आला तेव्हा पहिल्या नावावर वाद घालायला जागाच नव्हती. २०१७, २०२२ आणि २०२३ या तिन्ही याद्यांत पहिल्या नावापुढे ‘१’ हाच आकडा छापलेला होता. त्याचा अर्थ मात्र तीन वेळा तीन प्रकारचा.

म्हणून मी क्रमांकांपेक्षा गट पाडतो आणि प्रत्येक नावापुढे दोन नोंदी ठेवतो: अंदाज कुठल्या वर्षीच्या खेळावर आधारलेला आहे, आणि तो खेळ कोणाविरुद्ध झाला. जुलै २०२२ मध्ये असं केलं असतं तर राइट, स्लाफकोव्स्की, कूली आणि नेमेत्स एकाच गटात आले असते. राइटपुढे ‘बराचसा पुरावा २०२० चा’ आणि स्लाफकोव्स्कीपुढे ‘मोठ्यांविरुद्ध, पण सामने थोडे’ असं लिहिलं गेलं असतं. मग माँट्रियलची निवड धक्कादायक वाटली नसती आणि राइटची घसरण ही घसरण ठरली नसती.

२०२४-२५ च्या अखेरीस या वर्गाची माझी मांडणी अशी आहे. पहिल्या गटात हटसन आणि कूली. हटसनला मी किंचित वर ठेवतो, कारण बचावातून खेळ उभा करणारा असा खेळाडू शोधायला निघालं तर पाच-सात वर्षांत एखादाच सापडतो. दुसऱ्या गटात स्लाफकोव्स्की, गोतिए आणि राइट, याच क्रमाने, पण तिघांत अंतर इतकं कमी की एका चांगल्या हंगामात ते उलटं होऊ शकेल. स्लाफकोव्स्कीला पुढे ठेवण्याचं कारण गुण नाहीत. गोलसमोरच्या धक्काबुक्कीत जागा धरून ठेवण्याची ताकद त्याच्याकडे आहे आणि प्लेऑफमध्ये तिचा भाव वाढतो. राइटच्या बाजूने त्याचं सेंटरपण आहे, आणि एनएचएलमधला त्याचा पूर्ण हंगाम आत्ता कुठे पहिला झाला, हेही. नेमेत्स तिसऱ्या गटात. बचावपटू उशिरा पिकतात, म्हणून त्याचं नाव मी २०२७ पर्यंत खाली सरकवणार नाही.